दारूचे व्यसन : संशोधन काय सांगते व माळकऱ्याने काय ध्यानात घ्यावे

गळ्यात तुळशीची माळ पडली की मद्यमांस सुटले, ही आपल्या संप्रदायाची चालत आलेली रीत. या एका नेमाने किती संसार सावरले याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. पण गावोगाव अशी घरे आहेत, हे वाचकांस आम्ही वेगळे सांगावयास नको. तरीही दोन प्रश्न वारंवार कानी येतात. पहिला, "माळ घातली, दारू सोडली, अन् तिसऱ्या दिवशी माणूस वेड्यासारखं करायला लागला, हे काय?" दुसरा, "माळ घालून वर्ष झालं होतं, पुन्हा प्यायला. आता त्याचं काय करायचं?" या प्रश्नांना कोणी बाहेरची बाधा म्हणून उत्तर देतो, कोणी नशिबावर ढकलतो, कोणी नुसतेच शिव्या घालतो. या व्यसनाचा अभ्यास मात्र डॉक्टर मंडळी दोनशे वर्षांहून अधिक काळ करीत आली आहेत, आणि वरील दोन्ही प्रश्नांना त्यांच्याजवळ बरीच नेमकी उत्तरे आहेत. ती साध्या भाषेत येथे मांडावी असे योजिले आहे.

व्यसन हा रोग की दुर्गुण, हा वाद जुना. अमेरिकेत डॉ. बेंजामिन रश यांनी १७८४ साली आणि ब्रिटिश आरमारातील डॉ. थॉमस ट्रॉटर यांनी १८०४ साली असे लिहून ठेवले की, अति मद्यपानाची सवय हा रोग आहे व वैद्याने त्याच्याकडे रोग म्हणूनच पाहावे. पुढे १९५६ साली अमेरिकेतील डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने तो रोग असल्याचे मान्य केले, आणि १९६० साली जेलिनेक यांचा याच विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. रोग म्हटले की दारुड्याला सूट मिळते, असा आक्षेप पुष्कळजण घेतात. आम्हांला तो पटत नाही. मधुमेह हा रोगच आहे. म्हणून काय मधुमेहाच्या माणसाला जिलबीची सूट मिळते? पथ्य ज्याचे त्यालाच पाळावे लागते. फरक इतकाच, की पथ्य मोडले म्हणून त्याला कोणी घराबाहेर काढत नाही, दवाखान्यात नेतात.

"बाप पीत होता म्हणून पोरगा पितो", असे आपण सहज बोलून जातो. हे रक्तातून येते की बघून बघून येते? डेन्मार्कमध्ये दत्तकांच्या नोंदी चांगल्या ठेवलेल्या असत. त्यांवरून डॉ. गुडविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली एक तपासणी केली. दारुड्या बापाची, पण तान्हेपणीच दुसऱ्या घरी दत्तक गेलेली मुले त्यांनी पाहिली. ज्यांच्या आईबापांत असे व्यसन नव्हते त्या दत्तक मुलांपेक्षा या मुलांत व्यसनाचे प्रमाण सुमारे चौपट निघाले. म्हणजे रक्ताचा भाग आहे खरा. पण त्याच आकड्यांची दुसरी बाजू कोणी सांगत नाही : अशा शंभर मुलांतील ऐंशीच्या वर मुले व्यसनी झालीच नाहीत. तेव्हा दारुड्याच्या पोराला "तू पण त्याच वाटेनं जाणार" असे म्हणणे शास्त्रालाही धरून नाही. त्याला इतरांपेक्षा अधिक जपले पाहिजे, एवढेच त्यातून निघते.

आता आणखी एक भ्रम. "मी श्रावणात सोडतो की! महिनाभर थेंब घेत नाही. मग मी व्यसनी कसा?" हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा वाचक विरळा. गटारी अमावास्येला पोटभर पिऊन श्रावण कोरडा पाळणारे पुष्कळ आहेत. ग्रिफिथ एडवर्ड्स व मिल्टन ग्रॉस या दोघा डॉक्टरांनी १९७६ साली व्यसनाची लक्षणे नेमकी मांडली. पिण्यावरचा ताबा जाणे, अधिकाधिक लागणे, सोडली की अंग कापणे, ते थांबवायला पुन्हा पिणे, ही लक्षणे त्यात आहेत. आणि एक असे आहे की, मधे काही काळ सोडूनही पुन्हा सुरू केल्यावर माणूस थोड्याच दिवसांत जुन्याच ठिकाणी येऊन पोहोचतो. जे अंगवळणी पडायला दहा वर्षे लागली, ते परत यायला दहा दिवसही पुरतात. तेव्हा परीक्षा श्रावणाची नव्हेच. श्रावण संपल्यावर भाद्रपदात काय होते, ते पाहावे.

यापुढचा भाग वारीला जाणाऱ्यांनी, आणि विशेषेकरून दिंडी चालविणाऱ्यांनी, नीट वाचावा.

दारू ही मेंदूला मंद करणारी वस्तू आहे. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या मंदपणाला तोंड देण्यासाठी स्वतःला अधिक चेतवून ठेवतो. दिवे घाट चढताना माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, ते आपण पाहिलेच आहे. ओझे आहे, चढ आहे, म्हणून त्या जोड्या लागतात. समजा, भर चढावर कोणी एकाएकी रथच सोडवून घेतला, तर सगळा जोर लावून ओढणाऱ्या त्या बैलांचे काय होईल? ते उधळतील. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू बंद केली की मेंदूचे नेमके असेच होते. सहा ते चोवीस तासांत हात कापू लागतात, घाम सुटतो, मळमळते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत कोणाला फिट येते. आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान, थोड्यांनाच पण ज्यांना होते त्यांना भयंकर, असा प्रकार होतो : ताप, धडधड, अंगावर किडे चालल्याचा भास, नसलेली माणसे दिसणे, आपण कुठे आहोत याचे भान सुटणे. १८१३ साली इंग्लंडमधील डॉ. सटन यांनी या अवस्थेला जे लॅटिन नाव दिले, तेच डॉक्टर आजही वापरतात : डेलिरियम ट्रेमेन्स. उपचार न झाल्यास ती जीवावर बेतते.

आता दिवस मोजून पाहा. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान. त्याच दिवशी माळ घालून कोणी दारू सोडली. नवमीला पालखी पुण्यात येते, दशमीला मुक्काम पुण्यातच. तिसऱ्या दिवशी, बहुधा एकादशीलाच, पुण्याहून सासवडची सर्वांत लांब व चढाची चाल असते. म्हणजे धोक्याचे ते दोन-चार दिवस नेमके पुण्याच्या मुक्कामावर आणि दिवे घाटात येतात. त्यात ऊन, घाम, उपवास. मनुष्य बरळू लागला की भोवतालचे म्हणतात, "अंगात आलं." कोणी अंगारा लावतो, कोणी पाय धरतो. अंगात येणे आणि हे, यांतला फरक ओळखायला फार विद्या लागत नाही. दोन दिवसांपूर्वी रोजची दारू सुटलेली असेल, अंग तापलेले असेल, हात कापत असतील, आणि "आपण कुठं आहोत?" याचे उत्तर त्याला धड देता येत नसेल, तर ते अंगात आलेले नव्हे. १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी, आणि डॉक्टरांस पहिल्याच वाक्यात सांगावे, "हा रोज पिणारा होता, दोन दिवसांपूर्वी सोडली." लाजेपायी हे वाक्य गिळले जाते आणि डॉक्टर तापाचे औषध शोधीत बसतो.

यावर उपाय आहे, आणि चांगला आहे. क्लोरडायझेपॉक्साइड नावाचे औषध १९६० साली बाजारात आले. उधळलेल्या बैलांना ते आवरून धरते; काही दिवसांत त्याची मात्रा उतरवीत नेऊन बंद करतात. हे औषधही सवय लावणारे आहे, म्हणून डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यावे, शेजाऱ्याच्या डबीतले घेऊ नये. दुसरे म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, ज्याला थायमिन म्हणतात. बहुतेक दारुडे नीट जेवत नाहीत, आणि जेवले तरी दारूमुळे हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही. ते फार कमी झाले की डोळ्यांची हालचाल बिघडते, चालताना तोल जातो, भ्रम होतो. हा विकार जर्मनीत डॉ. वेर्निके यांनी १८८१ साली वर्णिला. वेळीच थायमिनचे इंजेक्शन मिळाले तर माणूस सुधारतो. न मिळाल्यास कित्येकांची स्मरणशक्ती कायमची जाते. म्हणून ज्याची रोजची दारू नुकतीच सुटली आहे, त्याने त्या आठवड्यात कडक उपवास करू नये, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. पुढच्या एकादश्या आहेतच.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानात आली आहे. वारंवार सोडणे व वारंवार सुरू करणे यात दर खेपेस सोडतानाचा त्रास वाढत जातो. मागल्या वारीला नुसते हात कापले, म्हणून यंदाही तेवढेच होईल, असे धरून चालू नये.

आता, पिण्याची इच्छाच मारणारी औषधे आहेत का, हा प्रश्न. डायसल्फिराम हे त्यांतले सर्वांत जुने. रबराच्या कारखान्यात वापरावयाचे हे रसायन. १९४७-४८ च्या सुमारास कोपनहेगन येथे हाल्ड व याकोबसेन हे दोघे ते निराळ्याच कामासाठी तपासत होते आणि त्याच्या गोळ्या स्वतःवरच अजमावीत होते. थोडे मद्य पोटात जाताच दोघांची तब्येत बिघडली आणि त्यातून हा शोध लागला. दारू शरीरात गेल्यावर प्रथम तिचे एक विषारी द्रव्य होते व मग ते निरुपद्रवी होते. ही दुसरी पायरी हे औषध अडवते. विष साचते, तोंड लाल होते, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात. ज्याने समजून उमजून, घरच्यांच्या देखरेखीखाली ते रोज घेतले त्याला त्याचा मोठा आधार होतो.

पण येथे एक इशारा. कित्येक माय-भगिनी विचारतात, "महाराज, ह्यांना कळू न देता भाजीतून देऊ का?" नको माउली. नकळत औषध पोटात असताना त्याने भरपूर ढोसली तर रक्तदाब एकदम उतरून प्राणावर प्रसंग येतो. 'रुग्णाला न सांगता दारू सोडवा' अशा जाहिरातींची निनावी चूर्णे तर हातातच धरू नयेत. त्यात काय घातले आहे, ते कोण सांगणार?

दुसरे औषध नाल्ट्रेक्सोन. ते दारूतली गोडी कमी करते. अमेरिकेत १९९४ सालापासून या कामासाठी त्याला मान्यता आहे. अकाम्प्रोसेट हे तिसरे. ही औषधे सर्वांना लागू पडत नाहीत, आणि यकृत किती बिघडले आहे ते पाहून द्यावी लागतात. पण ती आहेत, आणि ती घेणे हा काही नेमाचा भंग नव्हे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. वर्षभर पाळले, आणि एका लग्नात एक पेला घेतला. पुढे काय होते? तो घरी येतो, माळ काढून खुंटीला टांगतो, आणि म्हणतो, "गेलंच सगळं. आता काय राहिलं?" त्या रात्री एक पेला होता, दुसऱ्या दिवशी बाटली होते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ॲलन मारलॅट यांनी नेमक्या याच क्षणाचा अभ्यास केला. त्यांचा व गॉर्डन यांचा ग्रंथ १९८५ साली आला. त्यांचे सांगणे असे की, पहिल्या पेल्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, घात त्यानंतरचा हा विचार करतो. जितकी शपथ कडक, तितकी मोडल्यावरची निराशा खोल. पाय घसरणे वेगळे आणि दरीत उडी घेणे वेगळे, हे व्यसनी माणसाला आधीच शिकवून ठेवले, तर तो घसरल्यावर सावरतो. कोणत्या प्रसंगी आपला पाय घसरतो, हेही त्याने लिहून काढावे : पगाराचा दिवस, भावाशी भांडण, अमुक मित्राचा फोन, एकटेपणाची संध्याकाळ.

माळ तुटल्यावर ती पुन्हा कशी घालावी, याचा निर्णय ज्याच्या त्याच्या फडाच्या परंपरेप्रमाणे व्हावा; त्यात आम्ही शिरत नाही. मात्र फडावर आलेल्या अशा माणसाला चार लोकांत उभे करून बोलणे हे मारलॅट यांच्या शोधाप्रमाणे त्याला पुन्हा गुत्त्याकडे लोटणे आहे, एवढे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सोबतीचे काय? १९३५ साली अमेरिकेच्या ओहायो प्रांतातील अक्रन गावी कामानिमित्त आलेला बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला मनुष्य धंद्यात अपयश येऊन पुन्हा पिण्याच्या काठावर उभा होता. त्याला सुचले, की आपण दुसऱ्या एखाद्या पिणाऱ्याशी बोललो तर आपले पिणे टळेल. गावातल्या बॉब स्मिथ या शस्त्रवैद्याची गाठ पडली. तोही अट्टल पिणारा. त्या दोघांच्या बोलण्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना निघाली. फी नाही, नाव विचारणे नाही. आठवड्याला बसावयाचे आणि ज्याने त्याने आपली हकीकत सांगावयाची. आपल्याकडेही अनेक शहरांत त्यांच्या बैठका चालतात. भाबडेपणा म्हणून बरीच वर्षे काही विद्वान याला हसत. २०२० साली २७ अभ्यास व १०,५६५ माणसे यांचा एकत्र ताळा घेतला गेला. दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत ही पद्धत, नीट शिस्तीने राबविली असता, इतर मान्य मानसोपचारांपेक्षा सरस ठरली. हार्वर्डचे डॉ. वेलंट यांनीही पिणाऱ्यांची आयुष्ये कित्येक दशके पाहिली आणि १९८३ साली लिहिले की, जे सुटले त्यांच्या आयुष्यात काही गोष्टी पुनःपुन्हा आढळतात : दारूच्या जागी दुसरे काही धरलेले, कोणाची तरी सततची नजर, नवे जिव्हाळ्याचे नाते, आणि उमेद देणारा समुदाय. रोजचा हरिपाठ, दिंडीतली आपली जागा, आणि "काल दिसला नाहीत" असे विचारणारा टाळकरी, यांचा उपयोग कशासाठी होतो, हे या यादीवरून कळते.

आपल्या अगदी शेजारचा, गोव्याचा प्रयोग तर आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. तेथील संगाथ या संस्थेच्या वतीने डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल प्रभृतींनी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटले. एका गटाला नेहमीचेच पण जरा नेटके उपचार. दुसऱ्याला त्याशिवाय फार तर चार बैठका. या बैठका घेणारे कोण? मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेली, त्याच भागातील साधी माणसे, ज्यांना या कामाचे शिक्षण दिले होते. त्यांनी उपदेश केला नाही. "पिण्यानं तुमचं काय बरं झालं, काय बिघडलं, ते तुम्हीच सांगा", येथून सुरुवात. मग त्यानेच ठरवावयाचे की सोडावी की कमी करावी. मग आग्रहाला नाही कसे म्हणावे, तलफ आली तर ती घटका कशी काढावी, याचा सराव. तीन महिन्यांनी विचारले तेव्हा, मागील चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले बैठकीवाल्यांत शंभरी ४२, तर दुसऱ्या गटात १८ निघाले. वर्षाने पाहता अपायकारक पिण्याच्या पातळीखाली आलेले पहिल्या गटात शंभरी ५४, दुसऱ्यात ३२. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, बायकोला मारहाण करण्याच्या बाबतीत या बैठकांनी फरक पडलेला तीन महिन्यांनंतर दिसला नाही. शिवाय पूर्ण व्यसनात बुडालेल्यांना या प्रयोगात घेतलेच नव्हते, त्यांना मोठ्या उपचारांची गरज असते. तरीही, शिकविलेला साधा माणूस चार बैठकांत एवढे करू शकतो, तर गावातला टाळकरी वा कीर्तनकार हे शिकू शकणार नाही काय?

घरच्या माणसांविषयी थोडे. अमेरिकेत मिलर व मेयर्स यांनी १९९९ साली १३० घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या घरांतील पिणारा माणूस उपचाराला यावयास तयार नव्हता. जेथे बायकोला अगर आईला काही गोष्टी शिकविल्या, तेथे शंभरी ६४ पिणारे उपचाराला आले. जेथे सर्व नातेवाइकांनी मिळून त्याला एकदाच समोर बसवून जाब विचारण्याची पद्धत अवलंबिली तेथे ३०. शिकविले काय? तो प्यालेला असताना वाद घालू नये. शुद्धीत असेल त्या वेळी त्याच्याशी गोड बोलावे, आवडीचे करावे. प्याला की तेथून उठून जावे. त्याची उधारी आपण फेडू नये, त्याच्यासाठी मालकाशी खोटे बोलू नये. आणि हात उगारणारा असेल तर आधी आपला व लेकरांचा जीव राखावा, निघून कुठे जायचे ते आधी ठरवून ठेवावे.

महाराष्ट्रात अशा कामाची परंपराही आहे. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात येरवड्याला मुक्तांगण हे केंद्र सुरू केले. परंतु गरज फार मोठी आहे. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत असे दिसले की, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकालाच काही ना काही उपचार मिळतो.

म्हणून दिंडीचालकांस एक विनंती. वारीसाठी नावे घेता, तेव्हाच नव्या माळकऱ्याला बाजूला घेऊन तीन गोष्टी विचाराव्यात : रोज घेता काय, सकाळी उठल्याबरोबर लागते काय, पूर्वी सोडली तेव्हा फिट आली किंवा भास झाले होते काय. यांतल्या एकालाही होकार आला तर त्याला प्रस्थानाआधी निदान तीन आठवडे डॉक्टरांकडे पाठवावे. देखरेखीखाली दारू उतरविण्यास बहुधा आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि मग तो निर्धास्त चालू शकतो. जवळ डॉक्टर ठाऊक नसेल तर १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत दूरध्वनी आहे. ज्यांना वेळ राहिला नाही, त्यांना पहिले पाच दिवस एकटे झोपू देऊ नये. त्यांची नावे दिंडीच्या गाडीच्या चालकाजवळ व पाणी वाटणाऱ्याजवळ देऊन ठेवावीत.